पेशवाईतला साधा माणूस उभा करायचाय? मग शिंप्याकडे सगळ्यात शेवटी जा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. येत्या माघात एका जुन्या वाड्यात १७९०च्या दशकातलं पुणं दोन दिवस जगून दाखवायचं आहे. तुम्हाला ढाल-तलवारवाला व्हायचं नाही, साधा नागरी पुरुष व्हायचंय. थोडी मोडी वाचता येते. भाड्याने मिळणारा ‘पेशवाई ड्रेस’ तुम्ही पाहून आलात: साटिनचा झगमगीत अंगरखा, तयार फेटा, प्लास्टिकच्या मोत्यांचा कंठा. तो तुम्हाला पटला नाही, हे फार बरं झालं. आता अंगरखा कोणत्या कापडाचा आणि कुणाकडून शिवावा, आणि अचूकपणा कुठवर ताणावा, हे तुम्हाला हवंय.

मी गेली १७ वर्षं हे करतोय, आधी स्वतःपुरतं आणि नंतर गटात येणाऱ्या नव्या मुलांसाठी. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अंगरख्यापासूनच सुरुवात करतो आणि तिथेच गाडी चुकते. आज आपण ‘कपडे’ म्हटलं की शिवलेले कपडे समजतो. त्या काळच्या पुण्यातल्या साध्या पुरुषाच्या अंगावर काय असायचं ते एकदा मोजून बघा. धोतर, उपरणं, डोक्याला पागोटं, कमरेला शेला किंवा साधा पटका, खांद्यावर पंचा, थंडीला पासोडी किंवा घोंगडी. यातलं एकही शिवलेलं नाही. सगळं मागावरून उतरलं तसं, लांबी-रुंदी मागावरच ठरलेली. शिवलेला कपडा एकच, बंडी, बाराबंदी किंवा अंगरखा. घरात आणि कामावर अनेकांच्या अंगावर तोही नसायचा.

म्हणून तुमचा खरा प्रश्न शिंप्याचा नाही, कापडाचा आणि ते अंगावर घेण्याचा आहे. हे लक्षात आलं की पैसे, वेळ आणि मेहनत कुठे घालायची याचा क्रमच बदलतो.

कापडाकडे जाण्यापूर्वी माणूस ठरवून घ्या. ‘साधा नागरी पुरुष’ एवढ्यावर भागत नाही. लोणीसारख्या खेड्यातला कुणबी, बुधवारातला किराणा दुकानदार, एखाद्या सावकाराकडचा कारकून, देवळातला पुजारी हे सगळे साधेच, पण एकाचं पागोटं दुसऱ्याच्या डोक्यावर चालत नाही. शिवाय तोच माणूस घरी, पेढीवर आणि लग्नात वेगळा दिसतो. मी नव्या मुलाला तीन गोष्टी विचारतो: हा पोटासाठी काय करतो, आज कुठे निघालाय, आणि महिना कोणता. तुमच्या बाबतीत महिना ठरलेलाच आहे. मोडी येते, तेव्हा काम माझ्या मते कारकुनाचंच घ्या. सरकारी दफ्तरातला मोठा कारकून नको. एखाद्या सावकाराच्या किंवा छोट्या सरदाराच्या घरचा, हिशेब लिहिणारा. असा माणूस वाड्यात दिवसभर बसू शकतो, लोकांना त्याच्या हातातलं काम दिसतं, आणि त्याचा वेश पांढरा, मोजका आणि नेमका असतो. श्रीमंती वेश हौशी माणसाला परवडतच नाही. अस्सल किनखाप आणि खरी जर विकत घेणं आपल्या आवाक्यात नसतं, मग नकली वापरली जाते आणि ती पहिल्या नजरेत ओरडते. साधा वेश मात्र शंभर टक्के खरा करता येतो.

आता पुरावा कुठून आणायचा. सगळ्यात मोठा सापळा जुन्या फोटोंचा आहे. आपल्या डोळ्यांसमोर ‘जुना पुणेकर’ म्हणून जो उभा राहतो तो फोटोतला माणूस असतो, आणि कॅमेरा हिंदुस्थानात आला तो १८४०च्या सुमारास. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे लांब कोट, त्यावर उपरणं आणि ती कडक बांधणीची पुणेरी पगडी हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचं चित्र आहे. न्यायमूर्ती रानडे किंवा लोकमान्य टिळक यांच्या डोक्यावरची पगडी सवाई माधवरावांच्या काळातल्या कारकुनाला घालणं म्हणजे पणतवाचं पागोटं पणजोबाच्या डोक्यावर ठेवणं.

१७९०च्या दशकासाठी आपलं नशीब मात्र चांगलं आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स त्याच वर्षांत पुण्यात होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्याने काढली. १७९५ साली तो वारला. तुमच्या कामाची त्याहूनही मोलाची चित्रं गंगाराम तांबट या पुण्याच्याच चित्रकाराची. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करी. त्याने पुण्यातले पहिलवान रेखाटले, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला. त्याची बरीच चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत आणि संगणकावर मोठी करून पाहता येतात. मोठी करूनच बघा, आणि मधल्या मुख्य माणसाला सोडून कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे बघा. चवरीवाला, हुजऱ्या, कागद धरून बसलेला माणूस. तुमचा कारकून तिथे सापडेल. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रंही जाऊन पाहा. तिथे पुराणातले प्रसंगसुद्धा चित्रकाराने भोवतालचे कपडे घालूनच रंगवलेत. चित्रकार संकेताने रंगवतो, ठरावीक वळणं पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे एका चित्रावर विसंबू नका. तीच गाठ, तीच निरी तीन वेगवेगळ्या हातांच्या चित्रांत दिसली, तर ती मी खरी धरतो.

कागदपत्रांत पेशवे दफ्तर आहेच. त्यातले निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात ४५ खंडांत छापून काढले. हिशेबांत आणि पोशाखांच्या याद्यांत ‘सनगे’ हा शब्द दिसला की थांबा. सनग म्हणजे कापडाचा नग. शेला, पागोटं, दुपेटा अशी सनगं मोजून दिलेली असतात, आणि शिलाईपेक्षा कापडाला किती किंमत होती ते तिथे दिसतं. खेड्यातल्या माणसासाठी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावाचा जो वृत्तांत लिहिला, तो १८२३ साली छापला गेला. पेशवाई संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती, त्यामुळे कुणब्याच्या रोजच्या जगण्यासाठी तो जवळचा साक्षीदार आहे.

संग्रहालयांबद्दल एक सावधगिरी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा इतरत्र काचेमागे जे जुने कपडे दिसतात ते बहुतेक श्रीमंतांचे, लग्नकार्याचे. साध्या माणसाचं धोतर विरलं की त्याचा पंचा होई, पंचा फाटला की गोधडीत जाई, गोधडी संपली की चिंध्या. त्यामुळे ते उरलेलंच नाही. काचेमागचं बघून ‘सगळे असेच नटायचे’ असं ठरवू नका.

आता कापड, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

हाताने कातलेल्या सुताची, हातमागावरची खादी घ्या. मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी राहिली १८५०च्या दशकात. तुमच्या कारकुनाच्या अंगावरचं सगळं सूत चरख्याचं आहे. हातकताईच्या सुताला बारीक चढउतार असतो, धागा कुठे किंचित जाड, कुठे बारीक. उन्हाकडे धरलं की कापडात ढगाळ रेघा दिसतात. गिरणीचं सूत एकसारखं असतं आणि म्हणून ते सपाट, मेलेलं दिसतं. हातमाग न मिळाल्यास कोरा मांजरपाट चालेल, पण तो तुमचा दुसरा पर्याय धरा. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचे चार धागे काढून काडी लावून पाहा. सूत कागदासारखं जळतं, राख बोटांत विरते. त्यात पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी बनतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो. ही परीक्षा मी आजही प्रत्येक ताग्यावर करतो, दुकानदार ओळखीचा असला तरी.

पन्हा बघा. हाताने धोटा फेकणाऱ्या विणकराला स्वतःच्या दोन्ही हातांच्या पोहोचेपलीकडे एकट्याने रुंद कापड विणता येत नाही. एकट्याला रुंद कापड विणू देणारा झटक्याचा धोटा इंग्लंडात जॉन के याने १७३३ साली काढला, पण आपल्याकडे तो विसाव्या शतकातच सरसकट पसरला. म्हणून ५८ इंची पन्ह्याचं यंत्रमागाचं कापड घेऊन शिवलेला अंगरखा पाठीला अखंड येतो, आणि जाणकाराला तेवढ्यावरूनच कळतं. ३६ इंची पन्हा घ्या. मग अंगरख्याला जोड द्यावेच लागतील, आणि ते जोडच खरे असतात.

कडा बघा. खऱ्या धोतराला दोन्ही बाजूंना मागावरचा काठ असतो आणि टोकांना मोकळे धागे, म्हणजे दशा. तागा कापून, कडा मशीनवर दुमडून ‘धोतर’ करून देणारे भेटतील. ते धोतर दोन हातांवरूनही खोटं दिसतं, कारण दुमडलेली कड जड होते आणि निरी पायावर पडताना ताठ उभी राहते. माझं पहिलं धोतर तसंच होतं. एका वाड्यात मी बसलो होतो, तेव्हा बघायला आलेल्या एक वयस्कर आजी, ज्यांच्या माहेरी माग होते, माझ्याजवळ आल्या, धोतराचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, “बाळा, याला दशा कुठेत?” त्यानंतर मी काठ आणि दशा पाहिल्याशिवाय कापड घेतलेलं नाही.

पांढऱ्याचंही सांगतो. आजचं पांढरं निळसर चमकतं, ती चमक रसायनांची. तुमचं पांढरं किंचित पिवळट, दुधाच्या सायीसारखं हवं. कोरं कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजवा, खळ निघू द्या, मग साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. असं सहा-सात वेळा. टिनोपॉलचा थेंबही नको. नवी खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिलाई नेहमी या धुण्यांनंतर.

धोतर नेसणं हा या सगळ्याचा कणा आहे. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला धोतर येत नाही, त्याने बाकी काही विकत घेऊ नये. शिवलेलं, नाडीचं ‘रेडी धोतर’ नको. आणि सेफ्टी पिनही नको. ती १८४९ सालची, आणि तिच्या भरवशावर राहिलं की गाठ कधीच जमत नाही. धोतर कमरेवर मधोमध धरून बेंबीच्या खाली घट्ट गाठ मारा. एका टोकाच्या निऱ्या घालून त्या दोन पायांमधून मागे न्या आणि पाठीशी खोवा, हा कासोटा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोवा. कासोटा खोवताना वर ओढण्याचा मोह होतो. तसं केलंत की बसताना मागून सुटतो. खोवण्यापूर्वी थोडं गुडघ्यात वाका, तेवढी ढील ठेवा आणि मग खोवा. हे एवढं वाकणं शिकायला मला दोन महिने लागले, कारण कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी घरात तासभर धोतर नेसून कामं करा. जिना चढा, उकिडवे बसा, मांडी घालून बसून उठा, बादली उचला. लांबी तुमच्या उंचीवर आणि कमरेवर ठरेल, ती मी इथे बसून सांगू शकत नाही. कुणाला साडेतीन मीटर पुरतं, कुणाला साडेचार लागतं. आधी जुन्या चादरीची पट्टी जोडून बघा आणि मग कापड घ्या. पोटऱ्या किती झाकायच्या हे कामावर असतं. शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्याचं धोतर आखूड, गुडघ्याजवळ. पेढीवर बसणाऱ्याचं घोट्याकडे उतरलेलं.

आता अंगरखा. तुमच्या कारकुनाला मी दोन पर्याय देईन. रोजच्या बैठकीला बाराबंदी, आखूड, पुढे एकावर एक येणारे दोन भाग आणि बारा बंदांच्या सहा गाठी. मालकाबरोबर कुठे जायचं असेल तर अंगरखा, गुडघ्याच्या खाली जाणारा, छातीवर एक भाग दुसऱ्यावर येऊन कुशीत बांधलेला. पहिल्या वर्षी बाराबंदीच करा. ती तुम्ही स्वतः शिवू शकता, अंगरखा पहिल्याच फटक्यात जमणार नाही.

कुणी शिवणार असेल, शिंपी किंवा तुम्ही, तर एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की भरवा. आजचा शिंपी खांदा उतरता कापतो, बाहीला गोलाई देतो, बगलेत वळण घेतो. त्या काळची कापणी सरळ रेषांची. लांब चौकोन, त्याला तिरप्या कळ्या, बाही सरळ पट्टीची आणि बगलेत एक चौकोनी तुकडा, चौबगला, म्हणजे हात वर केला तर कपडा ओढला जात नाही. कापडाची चिंधीसुद्धा वाया जाणार नाही अशी ती कापणी. कापड महाग आणि शिलाई स्वस्त अशा जगातला तो विचार आहे. माझ्या पहिल्या अंगरख्याला शिंप्याने शर्टाची बाही लावली होती. दिसायला बरा होता. पण मी बसून लिहायला हात पुढे केला की पाठ ताणली जाई आणि छातीवरची गाठ उघडे. दोन दिवसांत तीन बंद तुटले. तोच अंगरखा उसवून त्यात चौबगले घातले आणि तो आजही वापरात आहे.

बंद कापडाचेच करा, अरुंद पट्टी दुमडून शिवलेले. बटण लागलंच तर कापडाची वळलेली गुंडी. कोणत्या कुशीला बांधायचं ते चित्रात बघून ठरवा. मुघल काळापासूनचा रिवाज असा की हिंदू डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे. शिंप्याला हे सांगितलं नाही, तर तो आजच्या शर्टाच्या सवयीने बाजू निवडतो.

शिलाई हाताची असावी का, हे तुम्ही विचारलंय. सिंगरचं मशीन १८५१ सालचं. म्हणजे तत्त्वतः प्रत्येक टाका हाताचा. व्यवहारात मी म्हणतो, आतल्या लांब शिवणी पहिल्या वर्षी मशीनवर घेतल्या तरी चालेल. पण गळा, बंद, बाहीचं तोंड, खालची दुमड, म्हणजे जिथे समोरच्याची नजर जाते, ते सगळं हाताने. धावदोरा आणि तुरपण एवढं आलं की पुरतं. ओव्हरलॉकची जाळीदार कड मात्र कुठेच नको. कडा दुमडून आत बंद करा. वारा आला, कपडा उलटला, की तीच जाळी सगळ्यांना दिसते.

डोकं. उघड्या डोक्याने घराबाहेर पडणं त्या काळी अशिष्ट समजलं जाई, त्यामुळे हे टाळता येणार नाही. पगडी म्हणजे आधीच बांधून ठेवलेली, टोपीसारखी घालायची आणि काढायची. पागोटं म्हणजे रोज डोक्यावर बांधायचं. १८व्या शतकाच्या वळणाची पगडी बांधून देणारा कारागीर मिळणं कठीण आहे, आणि बाजारात तयार मिळते ती पुढच्या शतकाची. म्हणून पागोटंच बांधा. कापड मऊ, पातळ, अरुंद आणि लांब हवं. जाड खादी डोक्यावर मडक्यासारखी बसते. आधी मऊ पंच्याची एक घडी डोक्याला गुंडाळा, त्यावर पागोटं चिकटून राहतं. पट्टीला आधी दोरासारखा हलका पीळ द्या आणि तिरपी फिरवा. सपाट गुंडाळलीत तर ती इस्पितळातल्या पट्टीसारखी दिसते. शेवटचं टोक मागे किंवा वर खोवा, तुरा काढू नका. लग्नातला ताठ तुऱ्याचा, सोनेरी काठाचा केशरी फेटा इथे पूर्ण परका आहे.

रंगाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की जुने रंग सगळे मळके, मातकट. तसं नाही. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग इतका झगझगीत गुलाबी येतो की आजचा माणूस त्याला रासायनिक समजेल. मंजिष्ठेचा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळाचा लाल खोल असतो, निळीचा निळा तर सगळ्या जगात विकला जाई. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ सालच्या जांभळ्या रंगाने झाली, त्याआधीचे सगळे रंग झाडाचे, किड्याचे, मातीचे. फरक तेजात नाही, टिकण्यात आहे. कुसुंबी उन्हात उडतो, हळद तर त्याहून लवकर. म्हणून एकाच माणसाच्या अंगावर ताजा आणि विटलेला रंग शेजारी-शेजारी दिसणं स्वाभाविक आहे. पागोटं लाल हवं असेल तर स्वतः रंगवा. सूत मंजिष्ठेला सहजी धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, मग मंजिष्ठेच्या कोमट काढ्यात तास-दोन तास. काढ्याला उकळी फुटू देऊ नका, लाल तपकिरीकडे झुकतो. मी एकदा घाईत तुरटीची पायरी टाळली. श्रावणातला कार्यक्रम होता, एक सर आली आणि पागोट्याचा सगळा रंग नव्या उपरण्यावर उतरला. ते उपरणं पुन्हा पांढरं झालं नाही.

उरलेलं पटकन सांगतो. पायात चामड्याचे शिवलेले देशी जोडे, रबराचा तळवा नको. मिळाले नाहीत तर वाड्यात अनवाणीच राहा, बैठकीत जोडे तसेही बाहेरच असतात. चष्म्याऐवजी लेन्स, घड्याळ आणि अंगठीखालचा पांढरा पट्टासुद्धा लक्षात ठेवा. मिशी ठेवा. बाजू बारीक कापून वर कोरीव दाढी ठेवण्याची आजची पद्धत पागोट्याखालूनही दिसते, महिनाभर आधी न्हाव्याला सांगा. कमरेला पैशांचा कसा, पानसुपारीची चंची, आणि कारकुनाचं खरं लेणं म्हणजे कलमदान, बोरू, दौत आणि कागद बांधायचा रुमाल. बोरू स्वतः तासायला शिका. लोक तुमच्या कपड्यांपेक्षा त्या तासणाऱ्या हाताकडे जास्त वेळ बघतील.

माघ आहे, त्यामुळे पहाटे आणि रात्री कडाक्याची थंडी. श्रीमंताकडे रुईभरला डगला असे. तुमच्या कारकुनाकडे जाड दुहेरी विणीची पासोडी. कार्यक्रम पावसात असता आणि तुम्ही कुणबी असता, तर मी घोंगडीची खोळ करायला सांगितलं असतं. इथे लोकरीची घोंगडी पांघरून बसलात तरी चुकणार नाही, मात्र ती मेंढीच्याच रंगाची हवी, काळी किंवा करडी. ॲक्रिलिकची शाल मात्र नको.

एक अवघड विषय तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. त्या काळी वेशावरून जात कळायची, आणि कोणी काय घालावं यावर बंधनंही होती. कारकुनांत ब्राह्मण आणि प्रभू मोठ्या संख्येने होते. गंध, शेंडी, जानवं दाखवायचं की नाही, हे मी एकट्याने ठरवत नाही. आमचा गट आधी बसून बोलतो. माझी स्वतःची पद्धत अशी की पागोट्याखाली आणि बाराबंदीत जे दिसत नाही ते मी शोभेसाठी दाखवत नाही. पण कुणी विचारलं, की “हा वेश कुणालाही घालता आला असता का?” तर खरं उत्तर देतो: नाही. तुमच्या गटाने यावर आधी बोलून घ्यावं, कारण हा प्रश्न तिथे उभं असताना अंगावर येतो.

अचूकपणा किती ताणावा, याला माझं माप अंतराचं आहे. दहा पावलांवरून आकृती दिसते: पागोट्याचा आकार, धोतराची उंची, अंगरख्याची पडण. हे चुकलं तर बाकी सगळं फुकट. दोन हातांवरून कापड, काठ, टाके आणि रंग दिसतात. तुम्ही बैठकीत बसून लोकांशी बोलणार, म्हणजे तुम्हाला दोन हातांची कसोटी लागू आहे. आतला लंगोट घरचाच असला तरी कुणाचं बिघडत नाही. पैसे कमी असतील तर आधी धोतर आणि पागोटं खरं करा, मग उपरणं, मग पासोडी, शेवटी बाराबंदी. शिवलेलं सगळ्यात शेवटी म्हणतो ते यासाठी. उघड्या अंगावर उपरणं घेतलेला, नीट धोतर नेसलेला माणूस दुपारच्या वाड्यात खरा दिसतो. शिवलेल्या झकास अंगरख्याखाली नाडीचं धोतर घातलेला माणूस कधीच खरा दिसत नाही.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एकदा पूर्ण वेश घालून पहाटे सहाला अंगणात किंवा गच्चीवर तासभर बसा, मांडीवर पाट घेऊन लिहा. थंडी कुठून शिरते, कोणती गाठ सैल होते, कोणतं टोक शाईत बुडतं, ते तिथे कळेल. आणि कापड घेतलंत की काठाचा आणि दशांचा जवळून फोटो पाठवा, पन्हा इंचांत लिहा आणि तुमच्या छातीचं आणि हाताचं माप द्या. बाराबंदीचे तुकडे त्या पन्ह्यात कसे बसवायचे ते मी कागदावर आखून देतो.